बायरॉइटचे धरण आणि पुण्याचा तमाशा

जर्मन ऑपेरा, म्हणजे ज्यात संवादही बहुतेक गाऊनच म्हटले जातात आणि मोठा वाद्यवृंद आरंभापासून अखेरपर्यंत साथ करतो असे जर्मन भाषेतील संगीतनाट्य, भारतात रंगमंचाच्या वाटेने फारसे आले नाही. मुंबईत १९११ साली पंचम जॉर्ज यांच्या हस्ते रॉयल ऑपेरा हाउसचे उद्घाटन झाले खरे, परंतु ज्या प्रकाराचे नाव त्या वास्तूने धारण केले होते त्यापेक्षा तेथे मराठी संगीत नाटके आणि पुढे चित्रपट यांचाच राबता अधिक राहिला. त्यामुळे जर्मन संगीतकार वाग्नरच्या नाट्यकृतींशी मराठी रसिकांचा जो काही परिचय झाला तो आधी ग्रामोफोनच्या तबकड्यांतून व रेडिओवरून, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत घरच्या दूरचित्रवाणी संचावर लावलेल्या चित्रफितीतून झाला. ही वाट उशिराची असल्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडली: जुन्या पद्धतीचे, शिंगांची शिरस्त्राणे आणि रंगवलेले डोंगर असलेले प्रयोग कधीही न पाहिलेल्या प्रेक्षकासमोर ही नाट्ये प्रथमच उभी राहिली ती आधुनिक दिग्दर्शकांनी पार बदलून टाकलेल्या वेषात. हा प्रेक्षक मात्र कोऱ्या पाटीने आलेला नव्हता, कारण त्याच्यामागे शंभर वर्षांची स्वतःची संगीत रंगभूमी होती आणि तिच्या सवयी त्याच्या कानांत मुरलेल्या होत्या.

या दोन रंगभूमींच्या तारखा एकमेकींच्या किती जवळ आहेत हे सहसा लक्षात येत नाही. रिखार्ड वाग्नर (१८१३–१८८३) याने बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याच्या आश्रयाने बायरॉइट या लहानशा गावात स्वतःचे नाट्यगृह बांधून तेथे ऑगस्ट १८७६ मध्ये ‘निबेलुंगची अंगठी’ ही चार नाट्यांची मालिका प्रथमच सलग सादर केली. त्यानंतर चारच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. कालिदासाच्या शकुंतलेने त्याआधीच जर्मन मनाचा ताबा घेतला होता. कवी गटे तिच्यावर लुब्ध झाला होता, संगीतकार शूबर्टने तिच्यावर ऑपेरा लिहावयास घेऊन अपुरा सोडला होता, आणि किर्लोस्करांच्या प्रयोगानंतर चार वर्षांनी, १८८४ मध्ये, फेलिक्स वाइनगार्टनर याचा ‘शकुंतला’ हा ऑपेरा वायमार येथे रंगला. पुणे आणि वायमार येथे एकाच दशकात एकच नायिका गात होती आणि दोन्ही ठिकाणच्या लोकांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती, ही घटना दोन्ही देशांच्या नाट्येतिहासात जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळवू शकलेली नाही.

गाण्याचा नाटकाशी संबंध कसा असावा याविषयीच्या दोघांच्या कल्पना मात्र दोन टोकांच्या होत्या. वाग्नरने वाद्यवृंद रंगमंचाखालच्या झाकलेल्या खड्ड्यात लपवला, प्रेक्षागृहात अंधार केला आणि संगीताचा ओघ असा अखंड ठेवला की अंक संपेपर्यंत टाळी वाजवायला फटच सापडू नये. मराठी संगीत नाटकात ऑर्गन व तबला प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर असत, गद्य संवाद थांबून पद सुरू होई, पद रंगले की प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’ची हाक येई आणि नट कथेतला प्रसंग तसाच थबकवून तेच पद नव्या ताना घेऊन पुन्हा गाई. जेथे वाग्नरला प्रेक्षकाने स्वतःला विसरावे असे वाटत होते, तेथे मराठी प्रेक्षक जाणतेपणाने, दाद देत आणि हिशेब मागत बसलेला होता. ही दुसरी रीत नाट्याला बाधक होती असे पुष्कळदा म्हटले गेले आहे, पण तिच्यामुळे श्रोता आणि गायक यांच्यात जो जिवंत व्यवहार होत होता तो बायरॉइटच्या अंधारात शक्य नव्हता, हेही तितकेच खरे आहे.

ध्वनिमुद्रणाने दोन्ही रंगभूमींना सारखाच धक्का दिला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, म्हणून स्त्रीभूमिका करणारे गायकनट बालगंधर्व यांचे पद जेव्हा घरोघर पोहोचले तेव्हा ते आटोपशीर होऊन पोहोचले, आणि त्या पदाच्या आधीचे बोलणे, नंतरचा मुरका, शालू सावरण्याची ढब, हे सारे मागेच राहिले. त्यांच्या ऐन बहराच्या काळातले प्रयोग आज आपल्याला आठवणींच्या पुस्तकांतून आणि छायाचित्रांतून जुळवावे लागतात. वाग्नरच्या बाबतीत दीर्घ तबकडीमुळे वेळेची अडचण सुटली. गेओर्ग शोल्टी याच्या संचालनाखाली १९५८ ते १९६५ या काळात डेक्का कंपनीने ही सुमारे पंधरा तासांची मालिका संपूर्ण ध्वनिमुद्रित केली आणि जगभरच्या श्रोत्यांनी ती घरी बसून ऐकली, परंतु ती होती केवळ ध्वनीची, आणि डोळ्यांपुढचे चित्र ज्याचे त्याने आपापल्या मनाने रंगवायचे होते. चित्रफीत आली तेव्हा घराघरांत मनाने रंगवलेल्या या चित्रांवरच प्रथम आघात झाला.

दरम्यान जर्मनीत प्रयोगाची कल्पनाच बदलत चालली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५१ मध्ये बायरॉइटचा महोत्सव पुन्हा सुरू झाला तेव्हा वाग्नरचा नातू वीलांट वाग्नर याने नाझी काळाने बाटवलेली सारी दृश्यसामग्री हटवून जवळजवळ रिकाम्या, केवळ प्रकाशाने घडवलेल्या रंगमंचावर प्रयोग केले. पूर्व बर्लिनच्या कोमिशे ओपर या नाट्यगृहात वाल्टर फेल्झेनश्टाइन याने गायकाने आधी नट असले पाहिजे हा आग्रह धरला. या दोघांनी मोकळ्या केलेल्या वाटेने पुढे जी पद्धत रूढ झाली तिला जर्मनमध्ये ‘रेजीटेआटर’ म्हणतात. म्हणजे दिग्दर्शकाची रंगभूमी, जिच्यात स्वरलिपीतील एक स्वर किंवा संहितेतील एक शब्द न बदलता काळ, स्थळ, वेषभूषा आणि पात्रांचे परस्परसंबंध दिग्दर्शक नव्याने ठरवतो. जयपूरजवळच्या बगरू गावातील छिप्यांची छपाई ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही रीत समजायला जड जाणार नाही. हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर छिपा कोरीव लाकडी ठशाने तुरटीचे मिश्रण उमटवतो तेव्हा तांबडा रंग अजून कोठेच नसतो. कापड उकळत्या रंगाच्या हंड्यात गेले की तुरटी लागलेल्या जागीच तो उठतो. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतले अलिझरिन हे रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार केल्यानंतर हंड्यातली वनस्पतींची मुळे जाऊन कारखान्यातली पूड आली, पण ठसा आणि तुरटी जागच्या जागी राहिली. स्वरलिपी हा असा ठसा आहे, आणि प्रत्येक पिढीचा दिग्दर्शक तिला आपल्या हंड्यात बुडवतो. हंडा बदलला म्हणून नक्षी गेली असे म्हणणाऱ्यांनी नक्षी कशाने उमटते हे नीट पाहिलेले नसते.

या पद्धतीचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे १९७६ मध्ये, मालिकेच्या शताब्दीला, बायरॉइट येथेच झालेला प्रयोग. दिग्दर्शक पात्रीस शेरो आणि संगीत संचालक पिएर बूलेझ हे दोघेही फ्रेंच, आणि जर्मन परंपरेच्या गाभाऱ्यात फ्रेंच माणसांनी शिरावे हेच अनेकांना खपले नव्हते. पहिला पडदा उघडला तेव्हा ऱ्हाइन नदीच्या जागी जलविद्युत प्रकल्पाचे धरण दिसले. देवांचा राजा वोटान एकोणिसाव्या शतकातल्या धनिकाचा लांब कोट घालून आला. नायक सीगफ्रिडची तलवार लोहाराच्या ऐरणीवर घडण्याऐवजी यांत्रिक घणाखाली घडली. आणि ज्या अजगराला मारून नायक वीर ठरतो तो अजगर चाकांवरचा असून त्याला ओढणारे रंगमंच कामगार प्रेक्षकांना स्पष्ट दिसत होते. प्रेक्षागृहात शिट्या वाजल्या, आरडाओरडा झाला, निषेधाची पत्रके वाटली गेली. वस्तुतः शेरोने काहीही बाहेरून आणून चिकटवले नव्हते. वाग्नर स्वतः १८४९ च्या ड्रेस्डेनमधील उठावात सामील होऊन परागंदा झालेला माणूस होता, आणि बर्नार्ड शॉ याने १८९८ मध्येच या मालिकेतील सोन्याची अंगठी म्हणजे भांडवल आणि जमिनीखाली राबणारे बुटके म्हणजे कारखान्यांतले मजूर असा अर्थ लावून दाखवला होता. शेरोने तो अर्थ डोळ्यांना दिसेल असा केला, आणि वर्षानुवर्षे गायकांबरोबर तालीम करून, १९८० पर्यंत दर उन्हाळ्यात हा प्रयोग सुधारत नेला. त्या वर्षीच्या अखेरच्या प्रयोगानंतर त्याच नाट्यगृहातले प्रेक्षक तासाहून अधिक वेळ टाळ्या वाजवत राहिले.

हा प्रयोग १९७९ आणि १९८० मध्ये चित्रित झाला, आणि गृह-चित्रफितीच्या इतिहासात त्याला जे स्थान आहे ते या चित्रणाच्या पद्धतीमुळे. ब्रायन लार्ज या दिग्दर्शकाने प्रेक्षक नसलेल्या नाट्यगृहात कॅमेरे लावून ते केले, त्यामुळे कॅमेरा रंगमंचाच्या पुष्कळ जवळ जाऊ शकला. मालिकेतल्या दुसऱ्या नाट्याच्या दुसऱ्या अंकात वोटानचे लांबलचक स्वगत आहे, ज्यात तो आपल्या मुलीला आपल्या साऱ्या करारांची आणि चुकांची कथा सांगतो. पूर्वी पुष्कळ श्रोते या भागात कंटाळत, कारण रंगमंचावर काहीच घडत नसे. शेरोने येथे एक मोठा आरसा आणि छतापासून लोंबणारा, अखंड झुलणारा लंबक ठेवला. गायक डॉनल्ड मॅकिंटायर आरशातल्या स्वतःकडे पाहत, जवळजवळ पुटपुटल्यासारखे गातो; कॅमेरा त्याच्या खांद्यामागून आरशातला चेहरा दाखवतो, तेव्हा सांगणारा एक आणि ऐकणारा तोच अशी स्थिती होते; आणि आता फक्त शेवट हवा असे जेव्हा तो म्हणतो तेव्हा तो हाताने लंबक थांबवतो. बायरॉइटच्या मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला थांबलेला लंबक दिसत असेल, पण थांबवणाऱ्याच्या डोळ्यांतला थकवा दिसण्याची सोय नव्हती. तो घरी बसलेल्याला दिसला. मात्र हा लाभ फुकट मिळत नाही. कोणत्या क्षणी कोणाकडे पाहावे हे ठरवण्याचा नाट्यगृहातला प्रेक्षकाचा हक्क कॅमेरा काढून घेतो, आणि गाणाऱ्याचा चेहरा दाखवताना मुकाट्याने ऐकणारी मुलगी चौकटीबाहेर जाते, तेव्हा शेरोने ज्या नात्यासाठी एवढी मेहनत घेतली ते अर्धेच उरते.

१९८० च्या दशकात हे चित्रण युरोप-अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर दाखवले गेले आणि नंतर कॅसेट, लेझर डिस्क व डीव्हीडी अशा क्रमाने बाजारात आले. भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पाठोपाठ व्हीसीआर मध्यमवर्गीय घरांत शिरला. भारताने स्वीकारलेली रंगीत प्रक्षेपणाची ‘पाल’ ही पद्धत पश्चिम जर्मनीत घडलेली होती, म्हणून तिकडून आणलेली कॅसेट येथे सरळ चाले, पण अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली ‘एनटीएससी’ पद्धतीची कॅसेट बहुतेक संचांवर चालत नसे. घरच्या यंत्राने एक जुनी मराठी सवय मात्र नकळत परत केली. वाग्नरने टाळीलाही फट ठेवली नव्हती, तरी बटण दाबून फीत मागे नेणाऱ्या श्रोत्याला आपला ‘वन्स मोअर’ वसूल करता आला, आणि संगीत नाटकावर वाढलेल्या कानांना पंधरा तासांच्या अखंड ओघात शिरण्यासाठी अशी पायरी लागतच होती. दुसरी पायरी होती पडद्याखालच्या भाषांतराच्या ओळींची. नाट्यगृहात रंगमंचावर भाषांतर झळकवण्याची पद्धत टोरांटो येथे १९८३ मध्ये रिखार्ड श्ट्राउसच्या ‘एलेक्ट्रा’पासून सुरू झाली, घरच्या पडद्यावर त्या ओळी आणखी सुटसुटीत होत्या. त्या असत इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये, म्हणून मराठी प्रेक्षक जर्मन ऐकत, इंग्रजी वाचत आणि मनात मराठीत उतरवत ही नाट्ये पाहत आला आहे, आणि या तिहेरी श्रमात त्याच्या हातून पुष्कळ काही सांडले आहे.

जर्मन संगीतनाट्याची दुसरी एक शाखा मराठीत थेट आली, आणि ती वाग्नरच्या नेमकी विरुद्ध होती. बेर्टोल्ट ब्रेश्ट या नाटककाराला वाग्नरची सर्व कला एकजीव करून प्रेक्षकाला वितळवून टाकणारी दृष्टी घातक वाटत होती. शब्द, सूर आणि दृश्य यांनी एकमेकांपासून वेगळे राहून प्रेक्षकाला विचार करण्यास जागा ठेवावी असे त्याचे म्हणणे होते. कुर्ट वाइल याच्या संगीतासह त्याने रचलेला ‘तीन पैशांचा ऑपेरा’ ३१ ऑगस्ट १९२८ रोजी बर्लिनमध्ये रंगभूमीवर आला. त्याचा मूळ सांगाडा जॉन गे याच्या बरोबर दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधील ‘भिकाऱ्यांचा ऑपेरा’ या नाट्याचा होता, आणि त्यात चोर, भिकाऱ्यांचा व्यापार करणारा शेठ आणि पोलीस अधिकारी हे सभ्य समाजाचेच व्यवहार करताना दिसतात. पाब्स्ट या दिग्दर्शकाने त्यावर १९३१ मध्ये आलेला चित्रपट काढायला घेतला तेव्हा ब्रेश्ट आणि वाइल दोघांनीही न्यायालयात धाव घेतली. प्रयोगाचे पडद्यावर काय होते हा वाद इतका जुना आहे.

पूर्व जर्मनीतील वायमारच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा दिग्दर्शक फ्रिट्स बेनेविट्स याने १९७० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात ‘तीन पैशांचा ऑपेरा’ हे नाट्य ‘तीन टके का स्वांग’ या नावाने हिंदीत बसवले, आणि पुढे विजया मेहता यांच्याबरोबर चिं. त्र्यं. खानोलकर यांनी मराठीत आणलेले ब्रेश्टचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ उभे केले. मराठी रंगभूमीवरची खरी कसोटी १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने घेतली. पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ या नावाने रूपांतर केले, जब्बार पटेल यांनी ते दिग्दर्शित केले, भास्कर चंदावरकर यांनी संगीत दिले आणि नंदू भेंडे, माधुरी पुरंदरे, चंद्रकांत काळे यांनी ते गायले व साकारले. लावणीचा ठेका, नाट्यपदाची तान आणि नंदू भेंडे यांच्या गळ्यातले रॉक एका प्रयोगात शेजारी बसले, आणि या बेमेळानेच ब्रेश्टला हवे असलेले अंतर साधले: श्रोता एका सुरात विरघळू लागला की दुसरा सूर त्याला जागा करीत होता. वाइलचे संगीत पुण्यात तसेच आणले असते तर ते परदेशी नवल म्हणून ऐकले गेले असते; पुलंनी आणि चंदावरकरांनी ते टाकून त्याचे कार्य तेवढे ठेवले, आणि हा निर्णय त्या दशकातील मराठी रंगभूमीच्या सर्वांत समंजस निर्णयांपैकी एक होता.

येथे दोन परंपरांची उलटापालट स्पष्ट दिसते. शेरोने स्वर आणि शब्द यांना हात न लावता दृश्य बदलले. पुण्यात कथा व तिचा रोख ठेवून स्वर आणि शब्द बदलले गेले. मराठी संगीत नाटकात स्वरलिपी ही अक्षरशः पाळायची वस्तू कधीच नव्हती; गोविंदराव टेंबे यांनी १९११ मध्ये खाडिलकरांच्या ‘मानापमान’ या नाटकाला ज्या चाली दिल्या त्या गायकाने दर प्रयोगात वाढवायच्या होत्या, आणि १९६० च्या दशकात जितेंद्र अभिषेकी यांनी नाट्यसंगीत नव्याने घडवले तेव्हाही बदल झाला तो सुरांतच. दृश्याकडे मात्र या रंगभूमीने सहसा नव्या नजरेने पाहिले नाही. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात वसंतराव देशपांडे यांनी गाजवलेली खाँसाहेबांची भूमिका पुढे त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली, तिच्यात गाण्याचे नवेपण पुष्कळ होते, पण दरबार दरबारच राहिला. २०१५ च्या चित्रपटाने तो अधिक झगमगीत केला. ‘मानापमान’ २०२५ मध्ये पडद्यावर आले ते शंकर-एहसान-लॉय यांच्या संगीतासह आणि राजवाड्यांच्या थाटात. खाडिलकरांच्या मूळ नाटकात भामिनी एका शूर शिपायाला तो गरीब आहे म्हणून झिडकारते, आणि पैसा व पराक्रम यांतील हा झगडा आजच्या कोणत्याही शहरी लग्नाच्या वाटाघाटीत जसाच्या तसा उभा राहू शकतो. टेंब्यांच्या चाली आणि खाडिलकरांचे शब्द न हलवता भामिनीला आजच्या एखाद्या सदनिकेत बसवणारा, आणि तिचा चेहरा जवळून टिपण्यासाठी नाट्यगृह रिकामे करून कॅमेरे लावणारा दिग्दर्शक लाभला, तर मराठी प्रेक्षकही आरंभी शिट्या वाजवील. बायरॉइटच्या प्रेक्षकालाही शेरोच्या प्रयोगाशी समेट करण्यास चार उन्हाळे लागले होते.